जांभळ्या खोळीतला बँजो

मी आयुष्यात एकच कॅसेट काढली आणि तिच्यात मी जे काही बोलले त्याला एकही माणूस हसलेला नाही. हे मी रडत सांगत नाही. घरी नवे पाहुणे आले की मी ती कॅसेट मुद्दाम लावते. सुरुवातीला बराच वेळ फक्त माझा आवाज, हॉलच्या पंख्याची घरघर आणि कुणाचं तरी खोकणं. पाहुणे माझ्या तोंडाकडे बघायचं टाळतात. मग मी चहाचा कप खाली ठेवते, बोट वर करते आणि म्हणते, "थांबा. आता."

तर हे "आता" कसं आलं, त्याची ही गोष्ट.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहायचो आणि मी माणिकपूरला एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट होते. ऑफिसात टायपिस्ट, बाहेर नकलाकार. हळदीकुंकू असो, डोहाळजेवण असो, सोसायटीची सत्यनारायणाची पूजा असो, बायका म्हणायच्या, "ए, ती चेअरमनची नक्कल कर ना." मी आधी "छे गं, आज घसा बसलाय" म्हणायची, कारण पहिल्या हाकेला उठणाऱ्या कलावंताला किंमत नसते. दुसऱ्या हाकेला उठायची आणि मग प्रसाद थंड होईपर्यंत बसायची नाही.

एकदा ऑफिसात एक उंच, किडकिडीत गृहस्थ वाडीच्या कागदासाठी आले. पन्नाशीच्या आतबाहेर असतील. मी टाइप करत होते आणि ते माझ्या टेबलावर तीन बोटांनी ताल धरत होते. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट, पुन्हा अंगठा. आधी मी दुर्लक्ष केलं. मग माझ्या लक्षात आलं की मी वेग वाढवला की ते वेग वाढवतात. ओळ संपून घंटी वाजली की तेही टेबलावर टिचकी मारतात. मी वर बघितलं.

"सॉरी मॅडम," ते म्हणाले. "तुमचं मशीन फार छान वाजतं. मी बँजो वाजवतो."

"लग्नातल्या बँजो पार्टीत?" मी विचारलं. आमच्याकडे बँजो म्हणजे ते बटणांचं वाद्य, ज्याच्यावर वरातीत नवरदेवाचे मित्र धुळीत लोळतात.

"नाय, तो वेगळा. हा अमेरिकेतला, डोंगरातल्या लोकांचा. ब्लूग्रास म्हणतात त्या संगीताला."

ते वीस-एक वर्षं बोटीवर होते. पाठ गेली म्हणून कायमचे घरी आले होते आणि आता वसई पश्चिमेच्या एका गावात केळी, पानवेली आणि मोगऱ्याची वाडी बघत होते. दुसऱ्या खेपेला ते वाडीचा कागद न्यायला आले तेव्हा शर्टाच्या खिशातून एक कॅसेट काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "ऐका," म्हणाले. "एकच माणूस आहे. तो विनोद सांगतो आणि मध्येच बँजो वाजवतो. एका अमेरिकन बंदरात घेतली."

ती कॅसेट मी रात्री स्वयंपाक करताना लावली. त्या अमेरिकन माणसाचं मला अक्षर कळलं नाही. तो नाकात बोलत होता आणि शब्द गिळत होता. पण तो बोलायचा, थांबायचा, आणि समोरची माणसं अशी काही फुटायची की मी पोळी लाटता लाटता हसायला लागले. मग एकदम ते वाद्य. पत्र्यावर गारा पडाव्यात तसं, पण सुरात. सासूबाई हॉलमधून म्हणाल्या, "कशाला हसतेस गं?" मी म्हटलं, "माहीत नाही." त्या आत येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि दोन मिनिटांत त्याही हसायला लागल्या. पोळी करपली.

आमचे हे कामणला एका गोदामात सुपरवायझर होते. ते आले तेव्हा आम्ही दोघी ओट्याला टेकून डोळे पुसत होतो. त्यांनी आधी गॅसकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"अहो," मी म्हटलं, "मी अशी कॅसेट काढणार. मी बोलणार, ते बोटीवरचे काका वाजवणार."

"विनोद कोणते?" त्यांनी विचारलं.

"माझे."

"बरं," ते म्हणाले आणि करपलेली पोळी स्वतःच्या ताटात घेतली. माझ्या नवऱ्याचा विरोध हा असा असतो. तो विरोध होता हे दोन वर्षांनी कळतं.

पुढच्या शनिवारी मी कॅसेट परत करायला आणि माझा बेत सांगायला काकांच्या गावी गेले. घर कौलारू, बैठं, पुढे तुळतुळीत सारवलेलं खळं. दारात काकांची बायको. ठेंगणी, गुटगुटीत, कंबरेवर हात. मी म्हटलं, "नमस्कार आंटी."

"आंटी काय?" त्या म्हणाल्या. "आम्ही काय गोऱ्या हाव? मावशी म्हण. चाय घेशील ना?"

चहा स्टीलच्या पेल्यात आला. समोर भिंतभर काचेचं शोकेस होतं आणि त्यात एक परदेशी डिनर सेट. पांढरी शुभ्र चिनी माती, कडेला निळी आणि सोनेरी रेघ, भांड्यांची झाकणंसुद्धा नक्षीची. मी सहज म्हटलं, "किती सुंदर! यात कधी जेवता?"

"कधीच नाय," काका घाईघाईने म्हणाले.

"त्याला हात लावायचा नाय," मावशी म्हणाल्या. "तो बघायचा."

आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात, येशूच्या तसबिरीखाली, जांभळ्या कापडात गुंडाळून उभी केलेली एक लांब मानेची वस्तू होती. ख्रिस्ती मंडळींचा उपवासकाळ सुरू होता. ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस. त्या दिवसांत ज्याला जे आवडतं ते त्याने सोडायचं. कुणी मासळी सोडतं, कुणी दारू, कुणी सिनेमा. आणि चर्चमधले पुतळे उपवासाच्या शेवटी जांभळ्या कापडाने झाकतात. मावशींनी त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्याची खोळ शिवून उपवासाच्या पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, बँजोला घातली होती.

"हा काय सोडतो ते मी ठरवते," मावशींनी मला समजावलं. "गेल्या वर्षी म्हणाला, मी कारलं सोडतो. मी म्हटलं, कारलं देवाला नको, मला नको, तुला नको. बँजो सोड."

"मग रेकॉर्डिंग कसं होणार?" मी काकांना विचारलं.

काकांनी चहाचा पेला खाली ठेवला. त्यांनी याची तयारी केलेली दिसत होती. "रविवार उपवासात मोजत नाहीत," ते म्हणाले. "चाळीस दिवस म्हणजे रविवार सोडून चाळीस."

"फादरना विचारलंस?" मावशी म्हणाल्या.

"विचारलं. फादर म्हणाले, शास्त्रात तसंच हाय. पण घरी सांगताना माझं नाव घेऊ नको."

मग मावशींनी आपला मुद्दा काढला. ईस्टरनंतर गावात चर्चचा सण होता. सणात लकी ड्रॉ असतो आणि त्यात प्रत्येक घरातून एक बक्षीस जातं. मावशींनी आपल्या घरातून बँजो द्यायचा ठरवलं होतं, फादरना तसं सांगूनही झालं होतं. पाठदुखी घेऊन घरी बसलेला नवरा पहाटे खळ्यात ते वाद्य वाजवतो; कोंबड्या अंडी कमी घालतात; आणि वीस वर्षं ज्या माणसाची वाट बघितली तो आता घरात असूनसुद्धा त्या डब्याशीच बोलतो. हे शेवटचं वाक्य त्या जरा पुटपुटल्या.

काका म्हणाले, "तो डबा नाय. बोटीवर माझ्याशी बोलायला दुसरं कोण होतं?"

मला तिथून उठून जावंसं वाटलं, म्हणजे सभ्य बाईला वाटलं असतं. मी अर्थातच पुढे सरकून बसले.

"ठीक," मावशी म्हणाल्या. "रविवारी वाजव. ही बाय बोलू दे. ऐकायला माणसं लागतील ना? मी आणते, आपल्याच गावच्या बायका. त्या हसल्या तर डबा घरात राहील. नाय हसल्या तर लकी ड्रॉ."

"हसतीलच!" मी छाती पुढे काढून म्हणाले. त्या बायका मला ठाऊक होत्या. बाजारात मोगरा विकायला बसल्या की त्यांचं हसणं पुलापलीकडे ऐकू यायचं. पैज जिंकल्यात जमा होती. मावशी इतक्या सहज कबूल कशा झाल्या, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण समोर स्टेज दिसायला लागलं की मला प्रश्न पडत नाहीत.

लग्नाचा हॉल आमच्या ह्यांनी मिळवून दिला. हॉलच्या मालकाच्या मांडवाचे बांबू यांच्या गोदामाशेजारी ठेवलेले असायचे, तेवढी ओळख. उपवासकाळात त्या गावांमध्ये लग्नं होत नाहीत, त्यामुळे हॉल रविवारी दुपारी ओस. यांनी घरचा टेपरेकॉर्डर आणला, एक माइक भाड्याने आणला आणि हेडफोन लावून कोपऱ्यात असे बसले की जणू उपग्रह सोडायचाय.

बायका आल्या. वीस-पंचवीस तरी असतील. चर्चला जायच्या साड्या, अंबाड्यात फुलं. पहिल्या रांगेच्या मधोमध मावशी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. काकांनी खोळीतून बँजो काढला. पाच तारा, त्यातली एक अर्ध्या मानेतूनच निघालेली, आणि पोटावर खरं कातडं. पावसाळ्यात ते सैल पडायचं म्हणून ते बँजोला सुक्या बोंबलांबरोबर उन्हात ठेवायचे. त्याला अजून थोडा वास होता. तीन बोटांना त्यांनी पत्र्याची नखं चढवली आणि सुरुवातीचा तुकडा असा उडवला की माझे पाय आपोआप हलायला लागले. बायकांचे नाही हलले.

मी माइकसमोर आले. लाल काठाची काळी चंद्रकळा नेसले होते, केसात गजरा. मी म्हटलं, "आमच्या बिल्डरने फ्लॅट विकताना चित्रात स्विमिंग पूल दाखवला होता. लोक म्हणतात बिल्डर फसवतात. आमच्या बिल्डरने अजिबात फसवलं नाही. दर जुलैत आमचा पूल तळमजल्यावर येतो."

काही नाही. पंखा.

काकांनी बँजोवर छोटी फिरकी मारली. मी पुढे गेले. सासूबाईंचा सूर लावला, टँकरवाल्याची नक्कल केली, चेअरमन झाले. चेअरमनच्या नकलेने मला बायकांच्या गर्दीत कधी दगा दिला नव्हता. इथे समोर वीस-पंचवीस चेहरे, ओठ घट्ट मिटलेले. कुणी पदर तोंडात धरलेला, कुणी छताकडे बघत. एक म्हातारी डोळे मिटून माळ ओढत होती. मी कोपऱ्याकडे बघितलं. यांनी हेडफोन एका कानावरून सरकवून तो कान चोळला आणि पुन्हा लावला.

शेवटी पहिल्या रांगेतली एक बाई दया येऊन म्हणाली, "बाय, तू चांगली बोलतेस हां. पण आम्ही यंदा उपवासात थट्टामस्करी सोडलीय. सगळ्यांनी मिळून."

"सोडलीय?" मी माइकमध्येच म्हणाले. कॅसेटवर ते फार स्पष्ट आलंय. "मग आलात कशाला?"

"ऐकायचं नाय सोडलं. हसायचं सोडलंय."

"कुणी ठरवलं हे?"

सगळ्या माना एकदमच मावशींकडे वळल्या. मावशी पर्सच्या बंदाकडे बघत होत्या. राखेच्या बुधवारीच या बाईने सगळ्यांकडून शपथ घेतली होती आणि मग शांतपणे माझ्याशी पैज लावली होती! मी नकलाकार माणूस, कपट ओळखते, दाद देते. पण काकांकडे बघितलं तर त्यांनी नखं काढायला सुरुवात केली होती. एक, मग दुसरं. ते खिशात टाकत होते. खोळ त्यांच्या पायाशी पडली होती.

मला राग आला. आणि मला राग आला की माझ्यातून दुसरीच बाई बोलायला लागते. मी कंबरेवर हात ठेवले, दोन्ही कोपर बाहेर काढले, मान आत घेतली, ठेंगणी झाले आणि मावशींच्या आवाजात म्हणाले, "हा काय सोडतो ते मी ठरवते!"

मागच्या रांगेत कुणीतरी कुकरची शिट्टी दाबल्यासारखा आवाज केला.

"कारलं देवाला नको, मला नको, तुला नको!"

दोन-तीन पदर आणखी आत गेले. माळवाल्या म्हातारीने एक डोळा उघडला. माझ्यात जीव आला. मी मावशी होऊन शोकेस पुसलं, मावशी होऊन बँजोला खोळ घातली, वर त्याच्यासमोर क्रूसाची खूण केली. आणि तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मावशी उभ्या राहिल्या होत्या.

संपलं, मला वाटलं. आता लकी ड्रॉसुद्धा नाही, बँजो सरळ विहिरीत.

"तशी नाय मी बोलत," त्या म्हणाल्या. "सगळं चुकीचं करतेस. सरक."

आणि मला अक्षरशः कोपराने बाजूला करून त्या माइकसमोर आल्या. माइक त्यांच्या डोक्याच्या वर होता. त्यांनी तो वाकवला, त्यात एकदा फुंकलं आणि आपल्या घरच्या बोलीत सुरू झाल्या. त्या गावांची ती बोली मला निम्मी कळते. बाकीचं मला नंतर पुन्हा पुन्हा कॅसेट ऐकून समजलं.

त्यांनी आधी काका केले. बोटीवरून उतरलेला माणूस खळ्यात कसा पाय फाकवून चालतो; जमीन हलत नाही म्हणून कसा पडतो; आमटीचं ताट समोर आलं की ते घरंगळू नये म्हणून कसा दोन्ही हातांनी धरून ठेवतो. मग त्या स्वतः झाल्या. दहा महिने वाट बघितलेली, नवी साडी नेसून दारात उभी असलेली बायको.

"रिक्षातून उतरला," त्या म्हणाल्या. "एका हातात बॅग. एका हातात हा डबा. मी बघतेय, मला मिठी मारायला हात कुठला? तिसरा आणलाय का परदेशातून?"

पहिली फुटली ती माळवाली म्हातारी. मग जे काही झालं ते हसणं नव्हतं, बांध फुटला होता. पंधरवड्याहून अधिक दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. कुणी शेजारणीच्या पाठीवर गुद्दे मारत होतं, कुणाची अंबाड्यातली फुलं खाली पडली. मी मागे भिंतीला टेकून, एक शब्द कळला तर दोन न कळून, पोट धरून हसत होते. अगदी त्या अमेरिकन कॅसेटला हसले होते तशी.

"मी विचारलं, मला काय आणलं? म्हणाला, संगीत!" मावशी थांबल्या. थांबल्या म्हणजे काय थांबल्या! ती जागा मला वीस वर्षं नकला करून कधी सापडली नाही. "मी आठ दिवस संगीतच शिजवून वाढलं त्याला. जेवणाच्या वेळी रिकामं ताट, आणि म्हटलं, वाजव. पुढच्या खेपेला घाबरून हा एवढा डिनर सेट घेऊन आला. छातीशी धरून. तेव्हासुद्धा मिठी नाय! कारण सेट फुटेल!"

आणि तेव्हा, त्या गडगडाटात, बँजो वाजला. काकांनी कधी नखं पुन्हा चढवली मला दिसलं नाही. छोटासा तुकडा, हसण्याच्या शेपटाला बांधल्यासारखा. मावशींनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. तुकडा संपू दिला. मग पुढचं वाक्य. मग पुन्हा तुकडा. जणू वर्षानुवर्षं दोघांनी तालीम केली होती. एका अर्थी केलीच होती म्हणा, पहाटे खळ्यात, भांडून.

शेवटी एक बाई डोळे पुसत ओरडली, "अगं, आपली शपथ!"

मावशी माइकवरून म्हणाल्या, "रविवार मोजत नाय. शास्त्रात हाय. फादरना विचार, पण माझं नाव नको घेऊ."

माझी कॅसेट तिथे संपते. टेप संपली होती, आणि आमच्या ह्यांनासुद्धा ते कळलं नव्हतं, कारण ते हेडफोन काढून, चष्मा काढून, भिंतीला डोकं टेकून हसत होते. माझ्या विनोदांना हा माणूस लग्नापासून कधी असा हसला नव्हता. त्याचा हिशेब मी घरी गेल्यावर घेतला.

ह्यांनी घरच्या घरी त्या कॅसेटच्या प्रती काढल्या. ईस्टरनंतर लग्नं सुरू झाली तशी मावशी आणि काकांना बोलावणी यायला लागली. मला नाही. मी बरोबर जायची, माइक वाकवून द्यायला.

पण पैजेचं एक टोक राहिलंच होतं. बँजो घरात राहणार हे ठरलं, तरी मावशींनी फादरना बक्षिसाचा शब्द दिला होता, आणि शब्द फिरवणं त्यांच्यात बसत नव्हतं. सणाच्या दिवशी मी लकी ड्रॉची दोन तिकिटं घेऊन पुढे जाऊन उभी राहिले. मांडवात टेबलावर बक्षिसं मांडली होती. प्रेशर कुकर, भिंतीवरचं घड्याळ, टॉवेलचा संच. आणि मधोमध, पांढरी शुभ्र, निळ्या-सोनेरी रेघेची, झाकणावर नक्षी असलेली ती भांडी.

मी मावशींना शोधलं. त्या उसाचा रस पीत होत्या.

"मावशी, तो सेट..."

"मग काय झालं?" त्या म्हणाल्या. "बघून बघून कंटाळा आला."

काका त्यांच्या शेजारीच उभे होते. दोन्ही हात रिकामे. गर्दीतून वाट काढताना त्यांनी मावशींच्या खांद्यावर हात ठेवला आणि मावशींनी भर मांडवात तो झटकला नाही. आमच्यासारख्या चार बायका बघत होत्या, तरीसुद्धा.

मला काही लागलं नाही. सेट गावाबाहेरच्या एका कुटुंबाला लागला आणि ते म्हणे त्याच रविवारी त्यात जेवले.

त्यानंतर मी काकांकडे गेले तेव्हा शोकेस पुसलेलं होतं. आतला मधला कप्पा काढून जागा उंच केली होती आणि तिथे, काचेमागे, खोळीशिवाय बँजो उभा होता. कातड्यावर दिव्याचा उजेड पडला होता. मी म्हटलं, "व्वा! जरा काढा ना काका, वाजवून दाखवा."

"त्याला हात लावायचा नाय," मावशी आतून ओरडल्या. "आधी चाय."

चहा स्टीलच्या पेल्यातच आला.